तीनच्या वर

"बाई, किती आला की नापास?"

गाडी मशीनसमोर उलटी लावून झाल्यावर तिनं ड्रायव्हरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पहिला प्रश्न हाच विचारला.

"तीनच्या वर," मी म्हणाले. "आत आला की पास. घाबरू नका एवढं, याच्यापेक्षा म्हाताऱ्या गाड्या पास होऊन गेल्यात इथनं."

"तीनच्या वर," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं डोकं आत घेतलं.

मला वाटलं, बिचारी काळजीत आहे. गाडीवर जीव असलेली माणसं मी रोजच बघायचे.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा विट्याबाहेर, तासगाव रस्त्याला, एका पेट्रोल पंपाच्या कडेला माझं पीयूसीचं केबिन होतं. पत्र्याची एक खोली, पुढं पत्र्याचंच छप्पर, त्याखाली टेबलावर मशीन. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये खुपसायची, गाडी चालू ठेवायची, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आहे ते लाल आकड्यांत बघायचं. आकडा एका जागी थांबत नाही, खालीवर होत राहतो. मी बटण दाबलं की त्या क्षणी जो असेल तो कायम होतो आणि प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. नव्या गाडीला बटण कधीही दाबा, फरक पडत नाही. जुनी गाडी तीनच्या आसपास नाचत असली की मात्र सगळा खेळ माझ्या बोटाचा. आमचे मिस्टर गॅरेजवाले, ते चिडवायचे, "नलू, तू न्यायाधीश हायस." मी म्हणायचे, मग लाल दिव्याची गाडी आणून द्या.

माझं डोकं लवकर तापतं, हे आत्ताच सांगून टाकते. त्या दुपारी माझ्या छपराखाली दोन हाडं मोडली. त्यातलं एक मी मोडलं.

गाडी होती साय रंगाची फियाट, अठ्ठ्याऐंशी सालची. तिच्या मागोमाग एक पांढरी जीप आली आणि जीपच्या मागोमाग एक बुलेट. जीपमधून उतरला तो हैबतराव निकम, चिंचणवाडीचा. आडवा बांधा, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हसरा चेहरा. त्या वर्षी तो जिल्हा परिषदेला उभा राहणार होता. बुलेटवरून उतरला तो त्याचा धाकटा भाऊ रणधीर. काटकुळा, डोळे तांबारलेले, तोंडात तंबाखू. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. हैबतरावनं माझ्या टेबलावर एक स्टॅम्पपेपर पसरला.

"वाचा मॅडम. म्हणजे मागनं भानगड नको."

मी वाचला. कै. आबासाहेब निकम यांची फियाट मोटार पीयूसी चाचणीत पास झाली तर ती थोरले चिरंजीव हैबतराव यांची. नापास झाली तर धाकटे चिरंजीव रणधीर यांची, त्यांनी तिचं काय करायचं ते करावं. खाली दोघांच्या सह्या, मामांची सही, आणि साक्षीदार म्हणून कोपऱ्यात चौथी सही: शालन.

मला हसू आलं. "अहो, हे धुराचं मशीन आहे. वाटण्या करत नाही ते."

"बाकी समद्या वाटण्या झाल्या," हैबतराव म्हणाला. "रान झालं, घर झालं. ह्या गाडीवर सात महिनं अडलंय. शेवटी मामा म्हणालं, माणूस कुणाच्या ना कुणाच्या बाजूनं बोलतो. मशीनला बाजू नसती."

"आणि एवढं काय आहे गाडीत?"

"आबा पंचवीस वर्सं सरपंच हुतं, मॅडम. ही गाडी वेशीत आली की माणसं उभी ऱ्हायची. प्रचारात माज्या म्होरं हीच गाडी पायजे."

रणधीर पचकन थुंकला. "उभी ऱ्हायची न्हाईत. भ्यायची." त्यानं डिकी उघडून आतून एक लोखंडी हँडल काढलं आणि माझ्यासमोर धरलं. जुन्या गाड्या पुढून फिरवून चालू करायचं हँडल, दोन ठिकाणी वाकलेलं, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली. "हे बघा. ह्यानं आबानी गाडी कवा चालू केली न्हाई. माणसं बंद केली. मी सातवीत नापास झालो तवा ह्याच गाडीच्या मागं दोरी बांधून पळवलंय मला. वेशीपासनं शाळंपर्यंत. अनवाणी. मला ही कापायची हाय, गॅस कटरनं. म्होरं खुर्ची टाकून बसणार हाय मी."

"चुकला हुतास म्हणून मार खाल्लास," हैबतराव शांतपणे म्हणाला. "माज्या पाठीवर काय कमी वळ हायत? म्या केली का तक्रार? त्या मारानंच माणसात आलो."

रणधीरनं हँडल डिकीत फेकलं. लोखंडावर लोखंड आपटलं तशी पुढं बसलेली ती बाई दचकली.

"आणि ह्या ताई?" मी विचारलं.

"थोरली भैन आमची, शालनताई. ह्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला हाय, आमा दोघास्नी जमत न्हाई. नवऱ्यानं टाकल्यापास्नं ती आबांजवळच हुती. आबांना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, समदं तिच्याकडं." हैबतरावनं मान हलवली. "गाडी माज्याकडं आली की ताई बी माज्याकडं. मागं खोली काढलीया तिला. भैनीला काय वाऱ्यावर सोडणार हाय मी?"

"आणि नापास झाली तर?"

"गाडीच न्हाई म्हटल्यावर डायवर कशाला?" रणधीर म्हणाला. "कुठं बी जाऊ दे तिला. मोकळी हाय ती."

मला त्याचा राग आला. एक भाऊ पाठीमागची खोली देतोय आणि दुसरा म्हणतोय कुठंही जा. मनातल्या मनात मी तिथंच ठरवून टाकलं की गाडी पास झाली पाहिजे.

पहिली चाचणी घेतली. घेण्याआधी मी खिडकीशी जाऊन विचारलं, "ताई, चोक आत आहे ना?" या गाड्यांना डॅशबोर्डखाली चोकची मूठ असते. गार गाडी सकाळी चालू होईना की ती ओढायची, इंजिनात पेट्रोल जास्त जातं. चालू झाली की परत आत ढकलायची. बाहेर राहिली तर धूर वाढतो आणि मशीनवर आकडा चढतो.

"आत हाय," ती म्हणाली. स्टिअरिंगवर तिचा डावा हात होता. त्याची शेवटची दोन बोटं आतल्या बाजूला वळलेली होती, सरळ होत नसावीत.

आकडा तीन पूर्णांक एकवर आला. तीन पूर्णांक शून्य. परत तीन पूर्णांक एक.

"नापास!" रणधीर ओरडला. "दाबा बटण!"

"थांबा. गाडी गार आहे. गार गाडीची चाचणी मी घेत नाही."

"पयला आला त्योच खरा!"

"इथं खरा कुठला ते मी सांगणार," मी म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

एअर फिल्टर काढला. त्यात एवढी धूळ होती की झटकताना मला खोकला आला. तो परत बसवून मी शालनताईंना म्हणाले, "पुलापर्यंत जाऊन या. चांगली पळवा, गरम होऊ द्या. आकडा उतरतो की नाही बघाच."

"ऱ्हाऊ द्या की बाई," त्या हळू म्हणाल्या. "आला त्यो आला."

"असे हातपाय गाळू नका हो. एवढ्याशानं अडलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. पण मागून हैबतराव म्हणाला, "ताई, मॅडम सांगत्यात तसं कर," आणि त्यांनी गिअर टाकला.

त्या गेल्या आणि छपराखाली आम्ही तिघं उरलो. मार्चचं ऊन, वर पत्रा तापलेला. रणधीर जीपच्या बॉनेटवर बसून पाय हलवत होता.

"आबा मेला त्या दिवशी मी मटण खाल्लं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. "तासगावात, हाटेलात बसून. दोन ताटं."

हैबतराव चालत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या तोंडावर उलट्या हातानं मारलं. मग सुलट. मग परत उलट. घाई नाही, आरडाओरडा नाही. रणधीर बॉनेटवरून खाली पडला, त्याचा ओठ फुटला होता. हैबतरावनं त्याला गळपट्टीला धरून उठवलं आणि चौथ्यांदा मारलं.

"ए!" मी ओरडले. "माझ्या छपराखाली हात चालवायचा नाही! बाहेर व्हा!"

हैबतरावनं लगेच सोडलं. खिशातून रुमाल काढून त्यानं बोटं पुसली आणि माझ्याकडं बघून पहिल्यासारखाच हसला. "घरातली बाब हाय मॅडम. तुमी नका मनावर घिऊ." रणधीर जमिनीवर बसून रक्त थुंकत होता. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्यानं चूळ भरली आणि तांब्या रस्त्यावर फेकून दिला.

त्या क्षणी मला उमगायला हवं होतं. पण मी तेव्हा असा हिशेब केला की भावाभावांचं वैर वेगळं आणि बहिणीला दिलेली खोली वेगळी. इतकी वर्षं माणसांसमोर बसून मला माणसं कळत नव्हती.

गाडी आली. मी नळी खुपसली. गरम इंजिन छान चालत होतं, एकसारखं. आकडा उतरायला लागला. तीन पूर्णांक एक, तीन, दोन पूर्णांक नऊ. मग परत तीन. मी बोट बटणावर ठेवलं आणि वाट बघायला लागले. खोटं कशाला सांगू, मी मुद्दाम थांबले होते. पुन्हा दोन पूर्णांक नऊ आला की दाबायचं, असं मी ठरवलं होतं. समोर, गाडीतल्या आरशात, शालनताईंचे डोळे दिसत होते. त्या माझ्या बोटाकडं बघत होत्या. मी त्यांना मान हलवून धीर दिला.

दोन पूर्णांक नऊ आला आणि रणधीरची लाथ नळीवर बसली.

नळी सायलेन्सरमधून उडाली आणि तिचं तापलेलं तोंड माझ्या दंडावर आपटलं. कातडी चरचरली. त्याचा डाग अजून आहे. मी किंचाळले, आणि किंचाळता किंचाळताच रणधीरच्या कानाखाली जाळ काढला. तो दुसरी लाथ टेबलाला घालणार होता, ती तशीच हवेत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच मी नवऱ्याव्यतिरिक्त कुणावर हात उचलला होता. नवऱ्यावरही एकदाच, आणि तेव्हा चूक त्याचीच होती.

"वा मॅडम!" हैबतराव टाळी वाजवून हसला. "आमच्या आबांची आठवण आली."

हे ऐकून मी त्याच्याकडं पाठ केली. दंडावर पाणी ओतलं आणि दोघांना समोर उभं केलं. "आता एकदाच. शेवटचं. जो येईल तो कागद. मान्य असेल तर बोला, नाहीतर गाडी काढा इथनं."

"मान्य," हैबतराव म्हणाला.

"मान्य," रणधीर फुटक्या ओठानं म्हणाला. "आबाची शपथ घ्यायला लाव त्याला."

दोघांनी शपथ घेतली. नळीचं तोंड जरा वाकलं होतं. मी ते सरळ केलं, यंत्र शून्यावर आणलं आणि तिसऱ्यांदा नळी आत घातली.

दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक आठ. गाडी आता पूर्ण गरम होती, पास होणार हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. हैबतराव पुढं वाकून आकड्याकडं बघत होता. रणधीरनं तोंड फिरवलं होतं.

आणि इंजिनाचा आवाज जड झाला.

फार नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना तो कळलाही नाही. पण मी नऊ वर्षं गॅरेजवाल्याचा संसार करत होते, इंजिन काय बोलतं ते मला झोपेत कळतं. पेट्रोलचा उग्र वास आला. आकडा चढायला लागला. तीन. तीन पूर्णांक एक. हैबतराव म्हणाला, "हे काय?"

मी आरशात बघितलं. शालनताई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता, डावा दिसत नव्हता. तीन पूर्णांक दोन. नियमाप्रमाणं मी म्हणायला हवं होतं, ताई, चोक आत ढकला. ते म्हणणं हेच माझं काम होतं. तीन पूर्णांक तीन.

मी बटण दाबलं.

प्रिंटर करकरला. कागद पुरता बाहेर यायच्या आधीच रणधीरनं तो ओढून घेतला, वाचला, आणि त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा ते मला सांगता येणार नाही. तो डिकीकडं धावला. हँडल काढलं आणि पुढं जाऊन पहिला दिवा फोडला, मग दुसरा. मग बॉनेटवर चढला आणि समोरच्या काचेवर दोन्ही हातांनी हँडल घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. "पळ की आता! पळ! बांध दोरी!" काच आत कोसळली. शालनताई आतच होत्या. त्यांच्या केसांत, मांडीवर काचा पडत होत्या आणि त्या हलल्या नाहीत. चौथ्या घावाला हँडल त्याच्या हातातून निसटलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. तो बॉनेटवरच बसला, धापा टाकत, कागद छातीशी धरून.

हैबतराव यातलं काहीच बघत नव्हता. तो मशीनकडं बघत होता. नळी अजून सायलेन्सरमध्ये होती, इंजिन चालूच होतं. शालनताईंनी मूठ आत ढकलली असणार, कारण लाल आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरत होता. तीन पूर्णांक एक. तीन. दोन पूर्णांक आठ. तिथं थांबला.

"आत्ता कसा उतारला?" हैबतराव म्हणाला.

त्याला ती फियाट चालवता येत नव्हती, पण तो खुळा नव्हता. मघाशी मी खिडकीशी जाऊन काय विचारलं होतं ते त्यानं ऐकलं होतं. तो सावकाश चालत पुढं गेला आणि त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं.

"चोक वढलास व्हय ताई?"

शालनताईंनी डावा हात चोकच्या मुठीवरून काढून परत स्टिअरिंगवर ठेवला.

"खोली काढली तुला. दोन येळचं जेवण दिणार हुतो. कोण इचारतं टाकलेल्या बाईला? भाकरी नको झाली व्हय तुला?"

"मला तुज्याकडं यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आबांच्यात लई वर्सं काढली. आता न्हाई."

एवढंच. आवाज चढवून नाही, साधं, नको म्हणावं तसं.

हैबतरावनं त्यांचा डावा हात मनगटाशी धरून बाहेर ओढला, दाराच्या कडेवर पालथा दाबला. "आबांनी दोनच मोडली हुती ह्या हँडलनं," तो म्हणाला. अजून शांतच होता, समजावून सांगितल्यासारखा. "राहिलेली मी मोडतो. मग बघू कुठं गाडी चालवती."

मधलं बोट त्यानं मुठीत धरून मागं वाकवलं. आवाज आला. शालनताई ओरडल्या नाहीत, त्यांनी फक्त श्वास आत ओढला, आणि तो श्वास मला अजून ऐकू येतो. मी रणधीरकडं बघितलं. तो बॉनेटवर बसून बघत होता. त्याच्या हातात त्याचा कागद होता.

हैबतरावनं पुढचं बोट धरलं.

मी हँडल उचलल्याचं मला आठवत नाही. ते हातात होतं, जड होतं, आणि मुठीची काळी पट्टी चिकट होती, एवढं आठवतं. पहिला घाव मी त्याच्या मनगटावर घातला. हात सुटला. तो वळला, त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू नव्हतं, आणि डाव्या हातानं त्यानं माझ्या कानशिलात भडकावली. माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजली ती आजतागायत थांबलेली नाही. मी पडले नाही. दुसरा घाव त्याच मनगटावर, पहिल्याच जागी घातला, आणि तेव्हा हाड मोडलं. पहिला घाव तिला सोडवायला होता. दुसऱ्याची गरज नव्हती. दुसरा मला बरं वाटावं म्हणून घातला, आणि मला बरं वाटलं.

तिसरा डोक्यात घालणार होते. पंपावरची तीन माणसं धावत आली आणि त्यांनी मला मागून धरलं. "नलूवहिनी, सोडा! मरंल त्यो!" हँडल माझ्या हातातून काढायला त्यांना माझी बोटं एकेक सोडवावी लागली.

हैबतराव मनगट पोटाशी धरून गुडघ्यावर बसला होता. पांढऱ्या विजारीला धूळ लागली होती. शालनताई गाडीतून उतरल्या. केसांतल्या काचा त्यांनी उजव्या हातानं झटकल्या, इंजिन बंद केलं, चावी काढली. मग रणधीरसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या हातातला कागद घेऊन त्यांनी तो वाचला.

"तीनच्या वर," त्या म्हणाल्या.

कागद आणि चावी दोन्ही त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवली.

मी त्यांना माझ्या स्कूटरवरून हाडाच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मला एका कानानं ऐकू येत नव्हतं.

हैबतरावनं फिर्याद दिली नाही. निवडणूक तोंडावर होती, आणि बाईनं हाड मोडलं हे पोलिसांत लिहून देण्याएवढं त्याचं मन मोठं नव्हतं. न्हाणीत पाय घसरला, असं तो गावात सांगत होता म्हणे. पण माझ्या केबिनविरुद्ध त्यानं वर अर्ज केला. तपासायला एक साहेब आले. त्यांनी मशीनला प्रमाणित गॅस लावून बघितला, आकडा बरोबर निघाला. मग त्यांनी वही उघडून विचारलं, "चाचणीच्या वेळी चोक आत होता?"

"आत होता," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. त्या धंद्यात मी केलेली ती एकच खोटी सही.

गाडी कापली, असं पंपावर कळलं. रणधीर खरंच पुढं खुर्ची टाकून बसला होता म्हणे. हैबतराव निवडणूक हरला की जिंकला हे मी कुणाला विचारलं नाही.

दीड वर्षानं एका सकाळी शाळेची पिवळी व्हॅन केबिनसमोर उलटी लागली. ड्रायव्हरच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"बाई, किती आला की नापास?"

मी धावत गेले. शालनताई हसत होत्या. अंगावर खाकी कोट होता, केस आखूड बांधलेले. पलूसच्या एका शाळेत लागल्या होत्या, शाळेच्याच आवारात राहत होत्या. व्हॅन चांगली होती, एका फटक्यात पास झाली. मी चहा मागवला. दोघी छपराखाली बसलो आणि बराच वेळ पोरांबद्दल, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोललो. पण माझ्या मनात एक काटा दीड वर्षं होता आणि तो काढल्याशिवाय मला चहा गिळेना.

"ताई, एक सांगायचंय," मी म्हणाले. "दुसऱ्या वेळी माझं बोट बटणावर होतं. दोन पूर्णांक नऊवर मी दाबणारच होते. रणधीरनं लाथ घातली नसती तर गाडी पास झाली असती. तुमचं भलं व्हावं म्हणून मी तुम्हाला त्याच्या दारात नेऊन बांधलं असतं."

त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "आरशात दिसत हुतं. तुमी मान बी हालवली हुती."

मी माझाही कप खाली ठेवला.

"तवर मला वाटत हुतं मशीनच करंल," त्या म्हणाल्या. "त्याला बाजू नसती म्हणाला हुता मामा. म्हणून मी गप बसून ऱ्हायले. जलमभर तशीच बसले हुते, कोण तरी करंल म्हणून. मग तुमी मान हालवली. तुमच्यासारखी चांगली बाई बी त्येच करणार म्हटल्यावर कळलं मला, आपलं आपल्यालाच वढाय पायजे."

त्या उठल्या. घंटा व्हायच्या आत पोरं आणायची होती. व्हॅनमध्ये बसून त्यांनी डावा हात गिअरवर ठेवला. आता त्याची तीन बोटं वाकडी होती. त्यांनी गिअर टाकला आणि आरशात माझ्याकडं बघून मान हलवली.